हॉल्टवरून विद्यापीठात रोजचा प्रवास : खिडकी बंद असेल तर तिकीट कसे काढावे?

रुळाकाठचा विद्यार्थी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात मला यंदा एम. एस्सी.ला प्रवेश मिळाला. वसतिगृहाचा खर्च सध्या घरी झेपणारा नाही, त्यामुळे गावाहून रोज ये-जा करायची असे वडिलांशी बोलून ठरवले. आमच्या गावाला रेल्वेचा हॉल्ट आहे. ज्यांनी असा हॉल्ट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पिवळ्या पाटीवर गावाचे नाव, एका खोलीची चुन्याने रंगवलेली इमारत, तिला तिकिटाची एक खिडकी, बाहेर सिमेंटचा एक बाक आणि कडुलिंबाचे झाड, एवढाच सगळा पसारा. स्टेशन मास्तर नाहीत, सिग्नल नाही, गाडी येत असल्याची घोषणाही नाही. प्लॅटफॉर्म म्हणजे रुळांच्या पातळीवर पसरलेला मुरूम. दूरवर हॉर्न ऐकू आला की लोक बाकावरून उठतात, आणि गाडी जेमतेम एक मिनिट थांबते.

पूर्वी खिडकीत एक एजंट बसत. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून ते येईनासे झाले आणि खिडकीला कुलूप लागले. तेव्हापासून आमच्या गावचे लोक तिकिटाशिवायच गाडीत चढतात, कारण तिकीट मिळणार कोठे? मीही पहिला आठवडा तसाच गेलो. दुसऱ्या आठवड्यात उतरल्यावर मला तिकीट तपासनिसांनी अडवले. मी कोणत्या हॉल्टवरून आलो आणि तेथे खिडकी बंद आहे, हे सगळे त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पण भाडे आणि वर २५० रुपये अशी पावती फाडली. त्यांच्याशी मी वाद घातला नाही. ते २५० रुपये महिन्याच्या जेवणासाठी ठेवलेल्या पैशांतून गेले, आणि घरी ते अजून सांगितलेले नाही.

माझी अडचण अशी आहे, की मला तिकीट काढूनच प्रवास करायचा आहे, पण ते काढायचे कसे हे कोणी नीट सांगत नाही. शिवाय विद्यार्थ्यांच्या सवलतीचा पास अशा हॉल्टवरून मिळतो का, आणि मिळत नसेल तर तो कोठून काढावा? तिसरी गोष्ट मनाला जास्त लागून राहिली आहे. “एजंट गेला, आता थांबाही जाईल,” असे गावात बोलले जाते. हे खरे आहे का? आमच्या गावातून शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना दुसरे परवडणारे साधन नाही. एस.टी. पकडायची तर आधी हमरस्त्यापर्यंत तीन किलोमीटर चालावे लागते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाळधीकर

दादा, विद्यापीठात शिकत असताना मी तीन वर्षे रेल्वेने ये-जा केली आहे, त्यामुळे तुझी अडचण मला नेमकी कळते.

सर्वांत सोपा उपाय मोबाइलवर आहे. रेल्वेचे अनारक्षित तिकिटाचे यूटीएस ॲप बरीच वर्षे चालू होते, आणि २०२५ च्या जुलैपासून रेलवन हे नवे ॲप आले आहे. रेलवनमधून साध्या गाडीचे तिकीट घरबसल्या काढता येते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. कागद न छापता मोबाइलवरच दाखवायचे तिकीट स्टेशनात किंवा रुळांजवळ उभे राहून निघत नाही, ते आधीच घरी काढावे लागते. गाडी दिसल्यावर घाईने मोबाइल काढणाऱ्यांची येथेच फसगत होते. आदल्या रात्रीही काढू नकोस, कारण अनारक्षित तिकिटाला मुदत असते. सकाळी आंघोळ झाली की काढायचे आणि मगच दप्तर खांद्याला लावायचे, अशी सवय लावून घे. टाळेबंदीनंतर साध्या गाड्यांचे किमान भाडे ३० रुपये झाले होते, ते २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा १० रुपयांवर आले. त्यामुळे रोजचे तिकीट आता पूर्वीइतके जड जात नाही.

उतरण्याविषयीही एक सूचना. सुरतेकडून येणारी तुझी गाडी पाळधीला थांबत असेल तर जळगावपर्यंत जाण्यापूर्वी विचार कर. विद्यापीठ बांभोरीला गिरणेच्या पश्चिम काठावर आहे आणि पाळधीही त्याच बाजूला, त्याच महामार्गावर आहे. जळगावला उतरलास तर नदी ओलांडून पुन्हा मागे यावे लागते. मी ऋतू आणि तासिका पाहून दोन्हीकडे उतरत असे. पावसाच्या दिवसांत जळगावहून बस मिळणे सोपे वाटायचे, एरवी पाळधी.

तुझ्या हॉल्टचे नाव ॲपमध्ये सापडत नसेल तर त्याच्या मागच्या मोठ्या स्टेशनापासूनचे तिकीट किंवा पास काढ. दोन-चार रुपये जास्त जातील, पण दंडाची धास्ती राहणार नाही. आमच्यातले बरेच जण असेच करत.

हिरवा झेंडा

मी रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी केली. २०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. आता निवृत्त होऊन गावी शेती पाहतो. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने वाद न घालता पावती घेतली आणि तरीही तिकीट काढूनच जायचे म्हणतो, हे वाचून फार बरे वाटले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कायदा. रेल्वे अधिनियम १९८९ मधील कलम ५५ प्रमाणे प्रवाशाजवळ तिकीट किंवा पास पाहिजे, नाहीतर अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी पाहिजे. ही परवानगी प्रवासाआधी मागून घेतली तर, भाडे नंतर भरण्याच्या अटीवर, तसे प्रमाणपत्र देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. पुढे कलम १३८ मध्ये विनातिकीट प्रवासाच्या जादा आकाराविषयी लिहिले आहे. तो आकार भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती. परंतु प्रवाशाजवळ कलम ५५ खालचे प्रमाणपत्र असेल तर जादा आकार लागत नाही, केवळ भाडे भरावे लागते, हेही तेथेच स्पष्ट नमूद आहे. म्हणजे “आमच्याकडे खिडकी बंद होती” हे उतरल्यावर तोंडी सांगून भागत नाही. तपासनिसाला तुमचे म्हणणे पटले, तरी त्याच्या हातात कागद लागतो.

हा कागद गाडीच्या गार्डाकडून मिळतो. त्यामुळे मोबाइल बंद पडला, रेंज गेली किंवा घरातील वडीलधाऱ्यांना ॲप जमत नसेल, तर गाडीचा शेवटचा डबा जेथे येतो तेथे आधीच जाऊन उभे राहावे. गाडी थांबताच चढण्यापूर्वी गार्डाला सांगावे, “साहेब, खिडकी बंद आहे, जळगावपर्यंतचे प्रमाणपत्र द्या.” मी अशी प्रमाणपत्रे पुष्कळ लिहिली आहेत. पहाटेच्या गाडीला एका हातात बॅटरी, गुडघ्यावर पुस्तक, त्यात कार्बन घातलेला, आणि समोर दुधाच्या किटल्या घेतलेली चार माणसे घाई करत उभी. हॉल्टचे नाव, उतरण्याचे स्टेशन, माणसे किती, तारीख, सही, एवढे लिहीपर्यंत मिनिट संपून जाई आणि पुढून ड्रायव्हरचा हॉर्न येई. खाली कागद फाडून देईपर्यंत मी झेंडा दाखवला नाही, असेही अनेकदा झाले. गाडी अर्ध्या मिनिटाने उशिरा निघाली म्हणून कोणाचे काही बिघडले नाही. रोज त्याच गाडीने जात असाल तर गार्ड आठवड्याभरात ओळखू लागतो.

आता पाळधीकरांच्या एका सल्ल्याबद्दल. त्यांनी आपुलकीने लिहिले आहे, आणि ॲपविषयी त्यांनी सांगितले ते योग्यच आहे. परंतु मागच्या मोठ्या स्टेशनापासून तिकीट काढण्याचा सल्ला मला मान्य नाही. दोन-चार रुपयांचा येथे प्रश्नच नाही. हॉल्टवर स्टेशन मास्तर नसतो, गाड्यांच्या ये-जा नोंदवणारे रजिस्टर नसते, बाकावर किती माणसे बसली होती हे पाहणारेही कोणी नसते. लाइनीच्या कामकाजातही हॉल्टचा वाटा नसतो. दोन्ही बाजूंच्या स्टेशनांचे मास्तर एकमेकांशी बोलून गाडी सोडतात, आणि मधल्या हॉल्टवर ती केवळ वेळापत्रकात तसे लिहिले आहे म्हणून थांबते. अशा जागेची रेल्वेच्या दप्तरात जी काही खूण उरते ती तिच्या नावाने विकल्या गेलेल्या तिकिटांची. तुमच्या गावची पन्नास माणसे रोज चढत असतील, पण त्यांतील चाळीस विनातिकीट आणि दहा दुसऱ्या स्टेशनाच्या तिकिटावर गेली, तर कागदावर तुमच्या हॉल्टवरून कोणीच गेलेले नसते. थांब्यांचा फेरविचार होतो तेव्हा विभागीय कार्यालयातील माणूस तुमचा कडुलिंब पाहायला येत नाही, तो प्रवासीसंख्या आणि उत्पन्नाचा तक्ता पाहतो.

एजंट का गेला असेल, तेही याच्याशी जोडलेले आहे. हॉल्टचा एजंट हा रेल्वेचा पगारी नोकर नसतो. जवळच्या स्टेशनावरून तो तिकिटे उचलतो, गाडीच्या वेळी खिडकी उघडतो आणि विक्रीवर कमिशन मिळवतो. लोकांनी तिकीट घेणे सोडले की त्याचा दिवसाचा चहाही सुटत नाही. मी ज्या मार्गावर होतो तेथे एक वयस्कर एजंट पुठ्ठ्याच्या जुन्या तिकिटांवर तारीख मारण्याचे यंत्र दर रविवारी तेल घालून पुसून ठेवत असत. त्यांच्या मुलाने ते काम पुढे चालवले नाही, आणि मला त्यात त्या मुलाचा दोष वाटत नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की ॲपवर आधी तुमच्या हॉल्टचेच नाव शोधा. मराठी उच्चाराप्रमाणे लिहून सापडले नाही तर पाटीवरच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लिहून पाहा. नावाचे रेल्वेचे लेखन बऱ्याचदा जुने आणि वेगळे असते. पासवरही “पासून” या जागी तुमच्याच हॉल्टचे नाव छापून घ्या. रेल्वेच्या आकडेवारीत एक मासिक पास महिन्याच्या ५० फेऱ्यांइतका धरला जातो, तेव्हा गावातील दहा मुलांचे पास त्या हॉल्टच्या नावाने असणे ही लहान गोष्ट नाही.

शेंदुर्णीची ताई

वरच्या काकांचे उत्तर वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते आहे. मी शेंदुर्णीची. आमची पाचोरा-जामनेर गाडी, म्हणजे आमची पीजे, नॅरो गेजवर ५६ किलोमीटर धावायची. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत ती निघाली की शाळा-कॉलेजची मुले, बाजाराच्या पाट्या, सगळे तिच्यात मावायचे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती थांबली आणि त्या जुन्या रुळांवर पुन्हा धावलीच नाही. मार्ग मोठ्या गेजचा करायचे ठरले आहे, आणि तो व्हावा अशी माझीही मनापासून इच्छा आहे. पण मधल्या वर्षांत ज्या मुली कॉलेजच्या वयाच्या होत्या त्यांना ती वर्षे कोण परत देणार? माझ्या धाकट्या बहिणीने त्या काळात प्रवेश घेऊनही नियमित तासिका केल्या नाहीत. “गाडी सुरू झाली की जाईन,” असे म्हणता म्हणता ती परीक्षेपुरतीच कॉलेजला गेली. म्हणून, भावा, थांबा जाण्याआधीच हातपाय हलव. एकदा बंद झालेले पुन्हा सुरू करून घेणे किती जड असते ते आम्ही पाहिले आहे.

पासाबद्दल मला माहीत आहे ते सांगते. मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत, घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे मोफत देते. आमच्या भागातील कित्येक पालकांना हे ठाऊकच नसते, त्यामुळे गावात आवर्जून सांगा. तू एम. एस्सी.ला आहेस, तेव्हा तुला मोफत नाही, पण विद्यार्थ्यांसाठी निम्म्या दराचा पास मिळतो. त्यासाठी विद्यापीठाच्या विभागातून सवलतीचा भरलेला अर्ज, सही-शिक्क्यासह, घ्यावा लागतो. तो घेऊन संगणकीय तिकीट खिडकी असलेल्या जवळच्या स्टेशनावर जावे. आमच्या एजंटकडे पास मिळत नसत, सुटी तिकिटेच मिळत, त्यामुळे तुमच्याकडेही एजंट परत आले तरी पासासाठी मोठ्या स्टेशनालाच जावे लागेल असे धरून चाल.

आणखी एक, जे बहुतेक पुरुषांच्या लक्षात येत नाही. मुरुमाच्या प्लॅटफॉर्मवरून गाडीत चढणे म्हणजे काय ते साडीतल्या बाईला विचारावे. मोठ्या स्टेशनाचा उंच प्लॅटफॉर्म रुळांपासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो, ठेंगणा म्हणतात तोही ४५५ असतो. तुमच्याकडे तेवढीही उंची नाही, म्हणजे पहिली पायरी जवळजवळ कमरेला येते. माझी आई एका हाताने दांडा धरायची, दुसऱ्या हाताने निऱ्या सावरायची आणि आम्ही दोघी बहिणी तिला खालून ढकलायचो. संध्याकाळी उतरताना अंधार असेल तर खाली खडी आहे की खड्डा, ते पायाला लागल्यावरच कळते. त्यामुळे मागणी कराल तेव्हा एजंट आणि थांबा यांच्याबरोबर दोन दिवे आणि ठेंगण्या का होईना, बांधलेल्या प्लॅटफॉर्मचेही लिहा. दिवा नाही म्हणून मुलीचे शिक्षण थांबवणारी घरे मी पाहिली आहेत, आणि ती घरे वाईट नव्हती, घाबरलेली होती.

केळीबाग

अर्ज कोठे करावा याबद्दल थोडे लिहितो, कारण खान्देशात येथेच घोळ होतो. प्रश्नात लाइन कोणती ते लिहिलेले नाही. हॉल्ट सुरत लाइनीवर, म्हणजे नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव या पट्ट्यात असेल, तर तो पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागाकडे येतो. चाळीसगाव-धुळे शाखेवर किंवा चाळीसगाव-पाचोरा-जळगाव या मुख्य मार्गावर असेल तर मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाकडे. भुसावळ जवळ आणि ओळखीचे, म्हणून लोक सगळे अर्ज तेथेच देऊन येतात आणि सुरत लाइनीवरच्या गावाचा अर्ज मग टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. अर्ज वरिष्ठ विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांच्या नावे करावा, कारण हॉल्टचा एजंट नेमणे वाणिज्य शाखेकडे असते. प्रत विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीच्या सदस्यांना द्यावी. १३९ वर किंवा रेल मदद ॲपवर तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक मिळतो, तो अर्जात लिहावा.

एजंटाच्या कामासाठी स्थानिक रहिवाशांकडूनच अर्ज मागवतात. तेव्हा “एजंट द्या” एवढेच लिहिण्यापेक्षा गावातील इच्छुक व्यक्ती आधी शोधून ठेवा. गावातली बारावी झालेली एखादी सून हे काम उत्तम करेल, दिवसातून दोन-तीन वेळाच खिडकी उघडायची असते.

राजस्थानातील नागौर जिल्ह्यात जालसू नानक नावाचा हॉल्ट आहे. २००५ मध्ये तो बंद होण्याची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांनी आंदोलन केले, आणि महिन्याला १५०० तिकिटे विकली गेली पाहिजेत या अटीवर तो गावाच्याच भरवशावर चालू राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढून तिकिटे आधी विकत घेतली आणि विकायला गावातलाच माणूस बसवला. आपल्या गावांत सप्ताहाला आणि यात्रेला वर्गणी निघते, तशी ही निघाली, एवढेच.

रुळाकाठचा विद्यार्थी

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, मी फार आभारी आहे. काका, तुमचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले, आणि दंडाची गोष्टही त्यांना त्याच वेळी सांगून टाकली.

पाटीवरच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लिहिल्यावर हॉल्टचे नाव ॲपमध्ये सापडले. मराठीत आम्ही ज्याला “ळ” म्हणतो तेथे त्यांनी “ल” धरला आहे आणि शेवटचा कानाही गाळला आहे, त्यामुळे इतके दिवस ते मिळत नव्हते. गेले चार दिवस मी त्याच नावाने तिकीट काढून जातो आहे. काल मात्र मुद्दाम आजोबांना घेऊन शेवटच्या डब्यापाशी उभा राहिलो, कारण त्यांच्याकडे साधा फोन आहे. गार्डसाहेबांनी प्रथम आश्चर्याने पाहिले, या हॉल्टवर प्रमाणपत्र मागणारे आजवर कोणी भेटले नव्हते असे म्हणाले, आणि मग पुस्तक काढून लिहून दिले. जळगावला आजोबांनी तो कागद दाखवून भाडे भरले. एक रुपयाही जास्त लागला नाही.

विभागातून सवलतीचा अर्ज सोमवारी मिळणार आहे. आमच्या हॉल्टवरून जाणारी विद्यापीठाची आणि कॉलेजांची मुले-मुली मोजली तर चौदा भरली, त्यांतील सहा मुली पदवीला आहेत आणि एकीलाही मोफत पासाची माहिती नव्हती. येत्या रविवारी आम्ही सगळे मारुतीच्या पारावर बसून अर्ज लिहिणार आहोत. ताई, त्यात दिव्यांचा आणि प्लॅटफॉर्मचा मुद्दा पहिल्या क्रमांकावर घेतला आहे, आणि तो माझ्या आईने सांगून लिहून घेतला. आमचा हॉल्ट सुरत लाइनीवर आहे, म्हणून अर्ज मुंबईला पाठवू. एजंटाच्या कामाला गावातील एक वहिनी तयार आहेत. त्यांच्या नावाचा वेगळा अर्ज आताच जोडावा की रेल्वेने जाहिरात काढेपर्यंत थांबावे, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.

केळीबाग

नेमणूक जाहिरात निघाल्यावरच होईल, पण वहिनींचे संमतिपत्र आताच जोडा, रहिवासी दाखल्याच्या प्रतीसह. गावात काम करायला माणूस तयार आहे हे अर्ज उघडताच दिसले पाहिजे.